मी महाचावडी सोडली

रविवार, १२ सप्टेंबर १९९९

ही डायरी राजरत्नाला खताच्या दुकानातनं मिळाली, गेल्या सालची. वर छापलेला वार चुकीचा हाय, म्हणून मी खोडून माझा घालते. साक्षरतेच्या वर्गात बाई म्हणायच्या, भामाबाई, रोज चार ओळी लिवा, न्हाईतर अक्षर हातातनं पळून जातंय. रोज लिवणं मला जमायचं न्हाई. रोज काय घडतंय? भाकरी, भांडी, राजरत्नाचा डबा. घडलं तर लिवीन.

आज घडलं. आज मी चावडीवर जाऊन बसले.

त्येचं असं झालं. राजरत्न माझा ल्योक, कुपवाडच्या कारखान्यात लेथवर हाय. त्याची पोरगी पायल बी.कॉम. करती आन् दुपारनं विश्रामबागेत वीरधवलच्या इंटरनेटच्या दुकानात कामाला जाती. म्हणली, आजी चल, तुला गंमत दावते. दुकानात लाकडी फळ्या मारून खण केल्यात, आमच्याकडं कोंबड्यांचं करत्यात तसं, आन् एकेका खणात एकेक पोरगं टीव्हीत डोकं घालून बसल्यालं. मला वाटलं आजारी हायत का काय.

त्या टीव्हीत एक जागा हाय. तिचं नाव महाचावडी. दुबई, अमेरिका, पुणं, कुठली कुठली मराठी माणसं तिथं लिवत्यात, दुसरी वाचत्यात, आन् लगीच उलटून लिवत्यात. हजारांनी माणूस हाय म्हणं. नाव ऐकून मला जे हासू आलं! सातारच्या खंडाळ्याकडं माझं माहेर. तिथल्या चावडीच्या पायरीखाली माझा बाप उभा ऱ्हायचा, सांगावा घ्यायचा, काठी वाजवायचा आन् पळायचा. पायरीला पाय लागला न्हाई त्याचा जलमभर. आन् मी बसले चावडीवर, ती बी खुर्चीत, डोक्यावर पंखा!

पायल म्हणली, रेश्मा म्हणून दुबईची पोरगी इचारती, बाळ अंघोळीला हातातनं निसटतंय, भ्या वाटतं, आई जवळ न्हाई, काय करू? म्हणलं, सरक, सांग तिला. पर आधी जयभीम लिव. कुणाच्या बी दारात गेलं की आधी जयभीम, मंग बाकीचं. पायल म्हणली, "व्हय आजी, लिवलं."

मंग सांगितलं. पाय लांब करून बस. बाळाला दोन पायांच्या पन्हाळीत पालथं घाल, मान तुझ्या पावलाकडं, त्वांड मोकळं ऱ्हावं. पाणी आधी कोपरानं बघ. दुबईत पाट न्हाई म्हणली, तर उशी प्लास्टिकात गुंडाळ आन् बस तिच्यावर. पायल इंग्रजी अक्षरांनी मराठी बडवती, कारण मशिनीत आपली अक्षरं न्हाईत. मला इंग्रजी येत न्हाई. मी बोलायचं, तिनं बडवायचं, उत्तर आलं की तिनं वाचून दावायचं.

चहा यायच्या आत उत्तर आलं की! "आजी, तुमी कोण?" म्हणलं, लिव, कुपवाडची आजी.

रविवार, २६ सप्टेंबर

आता मी दर आयतवारी जाते. मधी दोन बुधवारी बी गेले, राजरत्नाला सांगितलं न्हाई. सून म्हणती, सासूबाई कामाला लागल्या.

लोकं लय ग्वाड हायत. हंबीरराव म्हणून एक हायत, कोरेगावकडचं, फौजेतनं सुभेदार म्हणून आल्यालं. त्येंचा गुडघा दुखतो. त्येंना निरगुडीचा पाला सांगितला, तव्यावर गरम करून बांधा म्हणलं. त्येनी लिवलं, "रामराम आजी, पाला बांधला, सूनबाई म्हणती वास येतो." म्हणलं, लिव, जयभीम, सूनबाईला म्हणावं गुडघा तुजा न्हाई.

आन् एक गुंडा. जतचा हाय, मस्कतात डायवर. घरात कानडी बोलतो, चावडीवर मराठी. त्याची भाकरी तव्यावर जायच्या आधी तुटती. म्हणलं, गड्या, तुज्या पिठाची विरी गेली, जुनं पीठ हाय, मंग उकळतं पाणी घाल आन् गरम हाय तवर मळ, हात भाजला तर भाजू दे. लिवलंय त्यानं, हात भाजला पर भाकरी न्हाई जमली.

वीरधवल मालक असून चहा घिऊन सवता येतो. ऊसवाल्याचं पोरगं, शिकल्यालं, गळ्यात चेन. चावडीचा तो इकडचा कारभारी हाय, म्हंजी कोण भांडलं तर लिवल्यालं पुसून टाकायचा हक्क त्याला. म्हणला, "आजी, तुमच्यामुळं चावडीवर गर्दी वाढली. तुमच्याकडनं पैसं घेणार न्हाई." मी म्हणलं, पैसं मागितलं असतंस तर मी उठले असते.

पायल जरा गप असती आताशा. कॉलेजचा अभ्यास असंल.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

आज आपला दिवस. सकाळी विहारात गेले, पांढरं नेसले, खीर वाटली. दुपारी पायलला म्हणलं, आज मला चावडीवर मोठं सांगायचंय.

सगळं सांगितलं. छप्पन साली माझं नवं लगीन. मालक गाडीच्या टपावर बसून दीक्षेला नागपूरला गेलं आन् आलं तवा अंगाला नुसता धुराचा वास. सासूनं इचारलं, काय आणलंस? मालक म्हणलं, आई, काय आणलं न्हाई, टाकून आलो. सासू रातभर चुलीपाशी बसली. सकाळी उठून तिनं देव्हारा सवताच्या हातानं काढला, पाटीत भरला आन् नदीवर गेली. येताना मोकळी पाटी डोक्यावर. म्हणली, लय हलकं वाटतंय गं. मला हे सांगताना रडू बी आलं, हासू बी आलं. सासू लय खाष्ट हुती, पर त्या दिवशी मला ती आवडली.

माझं सांगणं झालं आन् पायलची बोटं बी लगीच थांबली. जलद झाली पोरगी. एवढं मोठं एवढ्यात बडवलं!

उत्तरं आली ती मातुर येगळीच. एक बाई म्हणती, आजी, बासुंदी मस्त झाली. दुसरी म्हणती, बासुंदीत जायफळ किती? मी म्हणलं, पायल, ह्या बायका बासुंदीचं काय बोलत्यात? पायल म्हणली, "दसरा आलाय ना आजी, त्येंच्या डोक्यात त्येच." व्हय बाई. आपण काय सांगतो आन् लोकं काय ऐकत्यात. पर सासूबद्दल एकानं बी इचारू न्हाई? जरा वाईट वाटलं. हंबीररावांनी बी न्हाई.

सोमवार, २५ ऑक्टोबर

काल साताऱ्याला चावडीचा कोजागिरीचा मेळावा झाला. लिवणारी माणसं एकामेकाला तोंडानं बघणार, असा बेत. वीरधवल म्हणला, आजी, तुमचा सत्कार हाय, तुमी चार शब्द बोलायचं.

मी निळ्या काठाची पांढरी काढली. पायल म्हणली, "आजी, हिरवी नेस की, उठून दिसती." म्हणलं, सत्काराला पांढरीच. एसटीत खिडकीला बसले, सातारा आला तवा माहेर आल्यागत झालं. पायल वाटभर एक शब्द बोलली न्हाई. वांती हुईल म्हणली.

मंगल कार्यालयात हीऽ गर्दी. बायका येऊन माझं हात धरायल्या. एक तर माझ्या पाया पडली. हंबीरराव भेटलं, ताठ माणूस, मिशा पांढऱ्या. म्हणलं, "आजी, वाचून वाटायचं तुमी जाड असाल." मी म्हणलं, सुभेदार, मला वाटायचं तुमी लंगडत असाल.

मंग मला स्टेजवर बलीवलं. शाल, नारळ. माईक हातात दिला. मी मोठ्यांदा म्हणलं, "जयभीम मंडळी!" आन् थांबले.

चिडीचिप. मला वाटलं माईक बंद पडला. बोटानं टकटक केलं तर कार्यालयभर वाजला. परत म्हणलं, आणखी मोठ्यांदा. तवा लांब पाठीमागनं, जिथं दूध आटवत हुतं, तिथनं आचारी झारा हातात धरून वरडला, "जयभीम आजी!" तेवढा एकटाच.

पुढच्या खुर्चीतली बाई, जी पाया पडली हुती, ती हासून म्हणली, "आजी, तुम्ही तर रोज नमस्कार मंडळी म्हणून सुरुवात करता. आज काही विशेष?"

मी म्हणलं, "न्हाई ओ. मी तर पयल्या दिवसापासनं जयभीमच म्हणते. इचारा माझ्या नातीला."

सगळ्यांनी पायलकडं बघितलं. पायलनं पायाकडं.

मला तवा कळलं. नारळ हातात तसाच. हंबीरराव उठलं आन् फौजेगत आवाज काढून म्हणलं, "आजी, पुढचं सांगा, गुडघ्याचं सांगा." मंग मी गुडघ्याचं सांगितलं. टाळ्या वाजल्या. न्हाई वाजल्या असं न्हाई. पर शेवटाला हात धरायला पयल्या येवढ्या बायका आल्या न्हाईत.

दूध मातुर फस्कलास हुतं. आचाऱ्यानं मला सवता आणून दिलं, वरनं केशर. दोन गिलास प्याले.

बुधवार, २७ ऑक्टोबर

दोन दिस पायलशी बोलले न्हाई. आज तीच आली, माझ्या पायाशी बसली.

म्हणली, "आजी, तू सांगायचीस ते मी बाकी सगळं लिवायची. फकस्त सुरुवात बदलायची."

"आन् सासूबाईची गोष्ट?"

मंग म्हणली, "ती पाठवलीच न्हाई. तिच्या जागी बासुंदी लिवली. मागं एकानं असंच काय लिवलं हुतं. त्याला लोकांनी हे बोललं ते बोललं, चार दिस चाललं, शेवटी वीरधवलदादानं त्याचं पुसलं. तुजं तसं झालं असतं तर? तुला सगळी आजी म्हणत्यात. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं."

मी म्हणलं, त्ये आजी म्हणत्यात ती मी न्हाईच की मंग. ती बासुंदीवाली कोण तरी.

रडली पोरगी. म्हणली, "तुला काय जातंय आजी बोलायला. दुकानात मला नुसतं पायल म्हणत्यात. आडनाव कुणी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. आता सगळ्यांना म्हाईत झालं."

मला ह्यातलं नीट उमगलं न्हाई. रणपिसे आडनाव काय वाईट हाय? उलट त्यात रण हाय. आन् दुकानात कुणी काय बोललं का, तर न्हाई म्हणती. मंग भ्यायचं कशाला? पर तिच्या डोक्याला त्याल लावलं आन् थोपटलं. जेवली न्हाई.

शनिवार, ३० ऑक्टोबर

वीरधवल सवता घरी आला. मोटरसायकल लांब लावून आला, गल्ली चिंचोळी हाय आमची. राजरत्नानं खुर्ची दिली. चहा आणला तर म्हणला, "नको, आत्ताच झाला." आमच्या इथं तो पयल्यांदाच आला, आन् दुकानात मी त्याचा चहा कितींदा प्याले.

म्हणला, "आजी, तुमी मला माझ्या आजीसारख्या. माझा सवताचा काय बी आक्षेप न्हाई."

"बोल की मंग."

"चावडीवर पुण्याची लोकं हायत, अमेरिकेची हायत. त्येंनी कळवलंय. म्हणत्यात, इथं राजकारण नको."

"मी मत मागितलं का कुणाला?"

"तसं न्हाई ओ. सगळ्यांना चालंल असं काय तरी असावं. नमस्कार कसा, सगळ्यांचा."

"हंबीरराव रोज रामराम घालत्यात. ते कसं चालतं?"

"ती पद्धत झाली आजी."

"माझी बी पद्धतच हाय. त्रेचाळीस वर्सं झाली. तुजा जलम बी नव्हता."

वीरधवल हासला. पोरगं वाईट न्हाई. म्हणला, "मंग असं करू. वर नमस्कार, आत तुमचं काय ते सांगा. लोकांना तुमी पायजे, आजी. तुमच्या नावाचा येगळा कोपराच काढतो. आजीचा कोपरा. सगळ्यांत वर."

कोपरा. मला खरंच मोह पडला, हे इथं लिवून ठेवते. रेश्माचं बाळ आता मान धरतंय म्हणं. गुंडाची भाकरी अजून जमली न्हाई. ही माणसं सोडायची? तोंड मिटून एक शब्द गिळला की समदी आपलीच. राजरत्न बी म्हणला, "आई, एका शब्दानं काय हुतंय?"

त्याच्या त्या बोलण्यानंच माझं डोकं उठलं. म्हणलं, "एका शब्दानं काय हुत न्हाई तर ह्येंना तेवढाच का नको? वीरधवला, कोपरा ठेव तुला. मी जाते."

"कुठं जाणार आजी? एवढी मोठी चावडी दुसरी न्हाई."

"मोठी नको. मला माझ्या तोंडानं बोलता येईल तेवढीच पुरं."

तो गेल्यावर राजरत्न म्हणला, पोरीचं काम जाईल. ते मी इचारात घेतलंच नव्हतं.

मंगळवार, २ नोव्हेंबर

पायलनं काम सोडलं. वीरधवलनं काढलं न्हाई, हिनंच सोडलं. का, तर सांगत न्हाई. म्हणली, "जायच्या आधी तुजं शेवटचं लिवू." आमी दोघी गेलो. बाकीची पोरं खणातनं माना काढून बघायली.

मी सांगितलं, तिनं बडवलं. ह्या टायमाला एकेक शब्द बडवून झाला की मला वाचून दाखवत हुती, मी न सांगता. "जयभीम मंडळी. मी कुपवाडची आजी, भामाबाई रणपिसे. आजवर माझ्या नावानं नमस्कार जायचा तो माझा नव्हता. बासुंदी बी माझी नव्हती, मला बासुंदी येत न्हाई. माझा शब्द इथं चालत न्हाई म्हणून मी निघाले. रुसून न्हाई, चांगली जेवून निघाले. ज्याला माझ्याशी बोलायचं त्यानं खालच्या, माझ्या नातीच्या पत्त्यावर लिवावं. ज्याला न्हाई त्याचं बी भलं हुवो. रेश्मा, बाळाच्या कानात त्याल घालू नगं, कोण बी सांगू दे."

बटण दाबलं. वीरधवल काउंटरवरनं बघत हुता. सांजच्याला पुसलं म्हणं. कारभारी हाय त्यो, त्याला पुसावंच लागलं असंल. तवर ज्यांनी वाचलं त्यांनी वाचलं.

रविवार, १४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. करंज्या केल्या. काय घडलं न्हाई.

खरं सांगते, करमत न्हाई. आयतवारी दुपारी पाय आपसूक विश्रामबागेच्या बसकडं वळत्यात. सून म्हणली, सासूबाई, तुमचा तोरा तुमाला म्हागात पडला. म्हणलं, पडू दे, मीच दिली किंमत, तुज्या म्हेरनं न्हाई आणली. असं बोलले खरी, पर रेश्माचं बाळ डोळ्यापुढं येतंय. कधी बघितलं न्हाई मी ते.

रविवार, २८ नोव्हेंबर

कुपवाडात नाक्यावर लीलाबाईचा एसटीडी बूथ हाय. तिनं आता एक कॉम्प्युटर घेतलाय, नवरा नको म्हणत असताना. पायल तिथं बसती. कामाला लागताना पायलनं तिला पयल्याच दिवशी आख्खं नाव सांगितलं. लीलाबाई म्हणली, "रणपिसे व्हय? बरं. झाडू तिकडं हाय."

हितं पंखा न्हाई, खण न्हाई, आन् फोनची तार एकच. कोण फोन कराया आलं की इंटरनेट बंद. कारखाना सुटला की कामगारांची रांग लागती, मंग आमी उठायचं.

पायलनं मशिनीतल्या टपालाचा गट काढलाय. एकानं लिवलं की गटातल्या सगळ्यांना जातं, पर गटात ज्यानं मागून जागा घेतली त्योच. मशीन नाव मागत हुती. म्हणलं, एवढ्याशा माणसांना पाटी कशाला? पायल म्हणली, लागतीच. म्हणलं, मंग "आलात का" असं घाल. आपण दारात आल्याला त्येच इचारतो.

अजून कोण आलं न्हाई. लीलाबाई म्हणली, "मीच येते गं तुज्या गटात. काय करावं लागतंय?" म्हणलं, काय न्हाई, तू हायसच की.

रविवार, १२ डिसेंबर

आली! माणसं आली!

पयला गुंडा, आपल्या कानडी नमस्कारानं. "शरणू आजी. भाकरी फुगली. तिघांनी खाल्ली." त्याच्या खाली हंबीरराव. "रामराम आजी. तुमचा पत्ता मिळवाया पोराला चार ठिकाणी फोन करायला लावलं. फौजेत शत्रूचा ठावठिकाणा ह्यापरास लवकर लागायचा. गुडघा डावा बरा हाय, आता उजवा." दोघांनी बी मेळाव्याचं काय काढलं न्हाई, माझ्या जयभीमचं काय काढलं न्हाई. ज्यानं त्यानं आपलं म्हणलं आन् आपलं दुखणं सांगितलं. मला एवढं हलकं वाटलं की लीलाबाईला जाऊन मिठीच मारली. ती म्हणली, बाई सोड, फोनचं बिल चाललंय.

आणखी दोघं तिघं हायत. एक आचारी म्हणून सातारचा हाय, भाच्याकडनं लिवून घेतो. रेश्माचं न्हाई आलं. तिनं वाचलंच नसंल, न्हाईतर वाचून बी न्हाई. बाळ आता पालथं पडत असंल. मी इचार करत न्हाई, पर येतो.

पायलला म्हणलं, चल, लिव. जयभीम सगळ्यांना. सुभेदार, उजव्या गुडघ्याला बी त्योच पाला, येगळा न्हाई. गुंडा, आता भाकरीबरूबर हुलग्याचं माडगं शिक. आन् आज मी तुमास्नी माझ्या सासूबाईची गोष्ट सांगणार हाय, ती एकदा ऱ्हायली हुती. मंग पाटीची, नदीची, धुराच्या वासाची, सगळी सांगितली. पायलची बोटं ह्या टायमाला लय येळ वाजली. संपल्यावर बी थांबंना. म्हणलं, माझं तर संपलं, तू काय बडवतीस?

"खाली नाव घालती."

"माझं नाव एवढं लांब हाय व्हय?"

"तुजं घातलं. त्याच्या खाली, लिवणार म्हणून, माझं. पायल राजरत्न रणपिसे."

आन् नाक पुसलं. कुपवाडची धूळ लय वंगाळ, कारखान्यांची, डोळ्यात जातीच.

ती बटण दाबणार तवर एक कामगार पळत आला, घामानं भिजल्याला. बायकोला दिवस गेल्यात, जतला सासऱ्याला फोन लावायचाय, आत्ता. लीलाबाईनं तार काढून फोनला लावली. टीव्ही तसाच, पर गोष्ट गेली. सगळी. पायल रडकुंडीला आली, म्हणली, "आजी, एक बी अक्षर ऱ्हायलं न्हाई."

म्हणलं, जाऊ दे की. त्याचं बोलणं हुं दे. मंग परत लिव. पयल्या शब्दापासनं.

तो बोलत हुता, हासत हुता, "मामा, मामा" म्हणत हुता, आन् आमी दोघी बाकड्यावर बसून वाट बघितली. मंग तार आली. मी परत सांगितलं, तिनं परत बडवलं, जयभीमपासनं. आन् खालचं तिचं नाव बी तिनं परत घातलं, मी म्हणायच्या आधी.